रात्रीच गरम होणारी पिकअप

तुमचा प्रश्न वाचताना मी एका वाक्यावर अडलो. बाकीचं नेहमीचंच आहे. 2008 ची डिझेल पिकअप, डिझेलचा मेकॅनिकल पंप, टर्बो इंजिन, 3 लाखांवर किलोमीटर. कोरेगावहून आल्याची पोती भरून पुण्याच्या मार्केट यार्डात, येताना खत नाहीतर पेंड. दीड वर्षात दोन बॅटऱ्या, एकदा अल्टरनेटर, एकदा सेल्फ. तरी सकाळी कधी नुसतं 'टक्' होतं, तर कधी सेल्फ जोरात फिरतो पण हँड पंप (डिझेल हाताने ओढायचा छोटा पंप) मारल्याशिवाय इंजिन लागत नाही. ब्रेक कडक झालाय, खड्ड्यात गाडी एकदम बंद पडते, खंबाटकी घाट चढताना मागं काळा धूर. मिस्त्री म्हणतो इंजिन उतरवू, वायरमन म्हणतो सगळं वायरिंग बदलू. आणि शेवटी जाता जाता तुम्ही लिहिलंय, "दिवसा टेंपरेचर बरोबर असतं, रात्री मात्र काटा वर चढतो."

इंजिनाला दिवस-रात्र कळत नाही. उलट रात्रीची हवा गार, वाहतूक कमी, काटा असलाच तर खाली असायला हवा. रात्री गाडीत एकच गोष्ट वेगळी असते, ती म्हणजे हेडलाइट. तेव्हा पुढच्या फेरीला काटा चढला की कडेला सुरक्षित जागी थांबा, इंजिन चालू ठेवा आणि फक्त हेडलाइट बंद करा. अर्ध्या-एक मिनिटात काटा खाली आला, तर रेडिएटरला हात लावायचं कारण नाही. दहा लिटर पाणी एवढ्यात गार होत नसतं. तुमची इंजिनाची अर्थ, म्हणजे करंटची परतीची वाट, गेली आहे.

हे कसं, ते सांगतो, कारण तुमच्या निम्म्या तक्रारी याच जागेवरून निघाल्यात असा माझा अंदाज आहे. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणजे विजेच्या दृष्टीने ते चॅसीपासून तुटलेलंच. त्याला जोडते ती एक विणलेली तांब्याची पट्टी किंवा जाड काळी केबल. टेंपरेचरचा सेन्सर इंजिनाच्या अंगात, त्याची अर्थ इंजिनातून. मीटर डॅशबोर्डवर, त्याची अर्थ बॉडीला. गाडी चालू असताना हेडलाइटचा करंट अल्टरनेटरमधून निघतो, दिव्यातून बॉडीत उतरतो आणि परत इंजिनाकडे जायला त्याला हीच पट्टी लागते. पट्टी गंजली असेल तर बॉडी आणि इंजिन यांच्यात अर्ध्या-एक व्होल्टचा फरक पडतो, सेन्सरमधून करंट जरा जास्त वाहतो आणि काट्याला वाटतं पाणी तापलं. डिझेलच्या काट्याकडे बघा. टाकीतल्या फ्लोटची अर्थ चॅसीला असते, म्हणून तो हेडलाइट लावली तरी जागचा हलणार नाही.

आता हीच पट्टी सेल्फच्या वाटेवर आणा. डिझेल पिकअपचा सेल्फ सुरुवातीला सहज 200 अँपिअर ओढतो. वाटेत कुठे 0.01 ओहम एवढासा जरी अडथळा असला तरी 200 गुणिले 0.01, म्हणजे 2 व्होल्ट तिथंच खर्च होतात. अडथळा आणखी वाढला की सेल्फचा सोलेनॉईड (मोटरला करंट जोडणारा विजेचा चुंबक) 'टक्' करून आत ओढला जातो आणि मोटर फिरत नाही. हेडलाइट मात्र झकास लागते, कारण ती 10 अँपिअरच्या आत-बाहेर घेते आणि इंजिन बंद असताना तिचा रस्ता या पट्टीतून जातच नाही. म्हणून "लाइट फुल आहे म्हणजे सेल्फच गेला" असं म्हणून सेल्फ उतरवला जातो. तुमचा सेल्फ असाच उतरवला गेला असणार. कार्बन-बुश बदलून चार दिवस बरा चालला असेल, कारण परत बसवताना बोल्ट जरा घासले गेले.

आणि बॅटऱ्या? अल्टरनेटर 14.2 व्होल्ट देतो, पण ते त्याच्या स्वतःच्या बॉडीवर मोजले तर. खराब पट्टीतून बॅटरीच्या टर्मिनलवर पोचेपर्यंत 13.3 उरतात. अशी अर्धपोटी बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही, प्लेटांवर सल्फेट बसत जातं आणि सहा-आठ महिन्यांत ती मरते. दुकानदार वॉरंटीत दुसरी देतो, तीही त्याच पंगतीला बसते.

तपासायचं असं. आधी एक पैसाही खर्च न करता होणारी चाचणी. सकाळी 'टक्' झालं की जम्पर केबलचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं थेट इंजिनाच्या उघड्या लोखंडाला लावा, इंजिन उचलायचा हूक उत्तम. आता किल्ली मारा. सेल्फ एकदम तरणाबांड होऊन फिरला तर निदान झालं, चहा प्या.

मीटर असेल तर अधिक नेमकं कळतं. साधा डिजिटल मल्टिमीटर घ्याच, एका चुकीच्या दुरुस्तीच्या मजुरीत तीन-चार येतील. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक, चाकाखाली दगड. पंपावरच्या स्टॉप सोलेनॉईडची (डिझेल बंद-चालू करणाऱ्या चुंबकाची) वायर काढून बाजूला टेपने गुंडाळा म्हणजे सेल्फ मारताना इंजिन लागणार नाही. (तुमच्या गाडीला इंजिन बंद करायला ओढायची दोरी असेल तर ती ओढून धरायला कुणालातरी सांगा.) रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी 12.6 च्या आसपास हवी. 12.2 म्हणजे निम्मी रिकामी, तिला आधी चार्ज करा, नाहीतर पुढचे आकडे फसवतात. मग मीटरची लाल वायर इंजिन ब्लॉकवर, काळी बॅटरीच्या निगेटिव्ह खिळ्यावर. खिळ्यावर म्हणतोय, टर्मिनलच्या क्लॅम्पवर नाही. दुसऱ्याला पाच सेकंद सेल्फ मारायला सांगा. मीटरवर 0.3 व्होल्टपर्यंत आकडा आला तर अर्थ ठीक. माझ्याकडे गेल्या पावसाळ्यात दुधाच्या कॅनची एक पिकअप आली होती, तिथं 2.3 दिसले. मालकाने तोवर नवा सेल्फ घेऊन ठेवला होता, तो अजून त्याच्या माळ्यावर असेल. तशीच चाचणी पॉझिटिव्हच्या बाजूने करा. बॅटरीचा पॉझिटिव्ह खिळा ते सेल्फवरचा जाड बोल्ट, सेल्फ मारताना 0.5 च्या आत. आणि सेल्फ फिरत असताना बॅटरीच्या दोन खिळ्यांत 9.6 च्या खाली जात असेल तर बॅटरीच थकली आहे.

अर्थची बाजू फेल निघाली तर पट्टी काढा. दोन्ही टोकं आणि ती जिथं बसते ती जागा पॉलिश पेपरने चकचकीत करा. चॅसीवर रंग असतो, तो खरवडल्याशिवाय उपयोग नाही. पट्टी हिरवी पडून कडक झाली असेल तर टाकून द्या आणि 35 चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल दोन्ही बाजूंनी लग (टोकाचा धातूचा कान) प्रेस करून घ्या. हातोड्याने ठोकलेला लग मला चालत नाही, वर्षभरात आत हिरवळ धरतो. माझ्या सवयीनं मी एक जादा केबल इंजिनावरून थेट बॅटरीच्या निगेटिव्हला टाकतो. ग्रीस लावायचं तर आवळून झाल्यावर वरून, मध्ये नाही. बॅटरीवर काम करताना निगेटिव्ह आधी सोडा आणि शेवटी जोडा, नाहीतर पाना बॉडीला लागून जो ठिणग्यांचा पाऊस पडतो तो एकदा पाहिलेला माणूस विसरत नाही.

खरं तर आता जे लिहितोय ते सगळ्यात आधी लिहायला हवं होतं. ब्रेक कडक असताना माल भरू नका. बॅटरीची तक्रार तुम्हाला मोठी वाटते कारण ती रोज सकाळी त्रास देते, पण अल्टरनेटर आणि ब्रेक यांचं तुमच्या गाडीत सख्खं नातं आहे आणि ते बहुतेकांना माहीत नसतं.

पेट्रोल इंजिनात ब्रेकच्या बूस्टरला (पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्याला) लागणारा व्हॅक्यूम इनटेक मॅनिफोल्डमधून मिळतो. डिझेलला तशी सोय नाही, म्हणून वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो, आणि तुमच्या काळच्या आपल्याकडच्या बऱ्याच पिकअप-जीपमध्ये तो अल्टरनेटरच्याच पाठीवर, त्याच शाफ्टवर बसवलेला असतो. त्याला इंजिन ऑइलची एक बारीक नळी येते आणि वापरलेलं ऑइल जाड नळीतून परत चेंबरमध्ये (इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या डब्यात) पडतं. या पंपाचं सील गळालं की ऑइल अल्टरनेटरच्या आत शिरतं, कार्बन ऑइलने भिजतात, स्लिप रिंगवर काळा लेप बसतो, चार्जिंग पडतं. म्हणजे एकाच सीलने ब्रेकही घालवला आणि बॅटरीही.

अल्टरनेटर भरून देणारा सील आणि कार्बन बदलतो, गाडी महिना-दोन महिने चालते, पुन्हा तेच. कारण ती जाड परतीची नळी कुणी बघत नाही. ती गाळाने भरलेली किंवा कुठं मोडून दबलेली असते. ऑइलला खाली उतरायला वाट नसली की ते वर साचतं आणि नवं सील पण ढकलून देतं. दुसरं कारण म्हणजे इंजिनाचा ब्रीदर (चेंबरमधला दाब बाहेर सोडणारी वाट) चोंदलेला असणं. चेंबरमध्ये हवेचा दाब वाढला की ऑइल गुरुत्वाकर्षणाने खाली पडूच शकत नाही. तेव्हा अल्टरनेटर पुन्हा उतरवण्याआधी परतीची नळी काढून डिझेलने धुवा, आरपार फुंकर जाते का बघा, ब्रीदरची नळी आणि जाळी साफ करा. दीड तासाचं काम आहे. अल्टरनेटरच्या खालच्या बाजूला बोट फिरवा. काळं चिकट लागलं तर माझं म्हणणं खरं.

ब्रेकची घरगुती परीक्षा अशी. इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबा, ते दगडासारखं होईल. पाय तसाच दाबून ठेवा आणि इंजिन चालू करा. पेडल पायाखाली थोडं खाली गेलं पाहिजे. गेलं नाही तर व्हॅक्यूम पोचत नाही. पंपापासून बूस्टरपर्यंतचा रबरी पाइप आधी बघा, उन्हाने आणि ऑइलने तो मऊ होऊन आतल्या आत चिकटतो, बाहेरून धडधाकट दिसतो. त्याच पाइपवर एका दिशेने हवा सोडणारा व्हॉल्व्ह असतो. इंजिन चालवून बंद केल्यावर पाच मिनिटांनी पहिलंच पेडल कडक लागलं तर तो व्हॉल्व्ह किंवा बूस्टरचा पडदा धरत नाही. पाइप आणि व्हॉल्व्ह दोन्ही नीट निघाले तर मग पंपाची पाती झिजलीत का ते उघडून बघायचं.

सकाळचा दुसरा आजार वेगळा आहे. 'टक्' होणं हा विजेचा प्रश्न. सेल्फ फिरतोय, इंजिन लागत नाही आणि हँड पंप मारला की लागतं, हा डिझेलचा. "गाडी चालू होत नाही" या एका वाक्यात तुम्ही दोन्ही कोंबल्यामुळे तुमच्याकडे येणारा प्रत्येक माणूस आपापल्या सोयीचा अर्थ काढून गेला.

रात्रभर उभ्या गाडीत डिझेल टाकीकडे मागं सरकतं, कारण कुठूनतरी हवा आत शिरते. टाकी ते फीड पंप (टाकीतून डिझेल ओढणारा पंप) हा भाग ओढीवर चालतो, म्हणून तिथल्या भेगेतून डिझेल बाहेर ठिबकत नाही, हवा आत जाते. खाली थेंब नाही म्हणून "गळती नाही" असं समजू नका. मी काय करतो, फीड पंपाच्या आधी हातभर पारदर्शक पाइप तात्पुरता लावतो, इंजिन चालू करतो आणि बघत बसतो. बुडबुडे दिसले तर दोष त्याच्या मागे, टाकीच्या बाजूला. दिसले नाहीत तर पाइप फिल्टरनंतर हलवतो. बहुतेक वेळा हात जातो तो तीन जागांवर: टाकीवरचा कडक झालेला रबरी तुकडा, फिल्टरच्या डोक्यावरचं सील, नाहीतर पोकळ बोल्टांखालचे तांब्याचे वॉशर. जुने तांब्याचे वॉशर परत वापरायचेच असतील तर गॅसवर लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाका, तांबं मऊ होतं आणि पुन्हा नीट बसतं. लोखंडाला याच्या उलट होतं, म्हणून नवशिक्यांचा यावर विश्वास बसत नाही. हँड पंप स्वतःच वरच्या चकतीतून हवा घेतो, तो ओला दिसला तर बदला, फार महाग नाही. फिल्टरच्या तळाचा ड्रेन स्क्रू सोडून काचेच्या ग्लासात थोडं डिझेल काढा. तळाला पाण्याचा थर दिसला तर टाकीही धुवायची वेळ झाली. पावसाळ्यात टाकीच्या झाकणाचं रबर गेलेलं असतं आणि वर ताडपत्रीचं पाणी त्यावरच ओघळतं.

हवा काढताना फिल्टरवरचा स्क्रू सोडून बुडबुडे थांबेपर्यंत हँड पंप मारा, मग आवळा. नोझलच्या नळ्यांचे नट सोडून हवा काढायची पद्धत आहे, पण तिथल्या फवाऱ्यासमोर हात कधी नेऊ नका. त्या दाबाचं डिझेल कातडीतून आत शिरतं आणि वरून फक्त सुईचं टोचल्यासारखं दिसतं. तसं झालं तर त्याच तासाला दवाखान्यात जायचं, हळद लावून घरी बसायचं नाही.

खड्ड्यात बंद पडण्याचं कारण शोधताना बंद कशी पडते ते आठवा. इंजिन आधी गचके देत, ताकद कमी होत विझत असेल तर हवा किंवा चोंदलेला फिल्टर. किल्ली फिरवल्यासारखं क्षणात गप्प होत असेल तर वीज. तुम्ही "एकदम" लिहिलंय, म्हणून मी स्टॉप सोलेनॉईडकडे बघेन. तुमच्या पंपावर तो असेल तर त्याला 12 व्होल्ट मिळत राहिले तरच डिझेल चालू राहतं, वायर क्षणभर सुटली की इंजिन खलास. बारीक दोन वायरी आणि पार्किंगचा छोटा दिवा घ्या. एक टोक सोलेनॉईडच्या वायरला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला, दिवा आत डॅशबोर्डवर चिकटवा आणि रिकामी गाडी खराब रस्त्याने फिरवा. इंजिन थांबताना दिवाही गेला तर दोष मागे आहे: किल्लीचा स्विच, फ्यूजचा सैल चिमटा किंवा इंजिनावरून बॉडीकडे जाणाऱ्या वायरिंगमधला जोड. दिवा लागलेलाच राहिला आणि इंजिन बंद पडलं, तर सोलेनॉईड, नाहीतर परत तीच इंजिनाची अर्थ, कारण सोलेनॉईडची अर्थही इंजिनातूनच आहे.

इथं मीटरऐवजी दिवा का? वायरीचा जोड आतून गंजून जेमतेम टेकलेला असेल तरी मीटर 12 व्होल्ट दाखवतो, कारण तो करंट ओढतच नाही. मागच्या ब्रेकलाइटचा 21 वॅटचा बल्ब पावणेदोन अँपिअर ओढतो, त्याला अशा वायरीवर लावलं की तो लालसर मिणमिणतो आणि खरं काय ते सांगतो. एक मीटर आणि एक असा बल्ब, एवढ्यावर मी तीस वर्षं काढली. फक्त हा 21 वॅटचा बल्ब नव्या, कॉम्प्युटर असलेल्या गाड्यांच्या वायरिंगला लावू नका, तिथं तो नुकसान करू शकतो. तुमच्या गाडीला तो धोका नाही.

काळा धूर म्हणजे डिझेल जास्त, हवा कमी. चढाला, भरलेल्या गाडीला थोडा येणारच. मागची गाडी दिसेनाशी होत असेल तर आधी एअर फिल्टर. ऊसतोडीच्या दिवसांत आपल्याकडच्या रस्त्यांची धूळ तो पंधरवड्यात भरून टाकते. फुंकर मारायची ती आतून बाहेर, बाहेरून मारली तर धूळ कागदात रुतते. मग टर्बो ते मॅनिफोल्ड जाणारे रबरी पाइप. भेग बहुतेकदा खालच्या बाजूला असते, आरशाने बघा किंवा बोट फिरवा, तिथं ऑइलचा ओलावा आणि धुळीची चिखलपट्टी सापडेल. भेग असली की टर्बोची हवा रस्त्यावर आणि डिझेल तेवढंच. हे दोन्ही ठीक निघालं तर नोझल काढून टेस्टरवर लावून घ्या, एखादा फवारण्याऐवजी मुतत असेल. त्याआधी कुणी ताकदीसाठी पंप "वाढवून" घेतलाय का ते आठवा. घाट चढायला मजा येते, पण ते जादा डिझेल धूर होऊन जातं, ॲव्हरेज पडतं आणि एक्झॉस्ट तापून टर्बो लवकर जातो. पासिंगच्या दीडपट माल भरणाऱ्याला मात्र कुठलाच मेकॅनिक धूर थांबवून देऊ शकणार नाही.

आता इंजिन उतरवायचं का. तुमच्या पत्रात इंजिन काढण्यासारखं एकही लक्षण मला दिसत नाही. निळा धूर नाही, ऑइल किती खातंय ते तुम्ही लिहिलेलंच नाही. गरम इंजिन आयडलला ठेवून ऑइलचं झाकण सैल करून उलटं ठेवा. नुसतं थरथरलं तर ठीक. उडून पडलं आणि भपकारे आले तर बॅक कॉम्प्रेशन (सिलेंडरमधला दाब रिंगांवरून खाली निसटणं) आहे, पण तेही ब्रीदर साफ करून पुन्हा बघायचं. त्यानंतर चारही सिलेंडरचं कॉम्प्रेशन मीटरने मोजून घ्या. आकडा किती यापेक्षा चौघांत फरक किती, ते महत्त्वाचं. तीन सारखे आणि एक फार मागे असेल तर त्या एकाचा व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट बघू, चारही खाली असतील तर मग रिंगांचा विषय काढू. मोजल्याशिवाय इंजिन खोलू म्हणणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा.

टेंपरेचरचा काटा हेडलाइट बंद करूनही खाली आला नाही, तर गोष्ट वेगळी. तेव्हा थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) आहे की कुणी काढून फेकलाय ते बघा. आपल्याकडे "गरम देशात कशाला हवा" म्हणून तो काढायची खोड आहे. त्याने इंजिन सकाळी लवकर तापत नाही, डिझेल जास्त जातं, सिलेंडर झिजतात. रेडिएटरच्या झाकणाचं रबर बघा. झाकण दाब धरतं म्हणून पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे 20 अंशांनी वर जातो, रबर गेलं की पाणी शंभराच्या आसपासच उकळून सांडतं. गार इंजिन चालू करून दोन मिनिटांत वरचा पाइप दगडासारखा टणक झाला आणि रेडिएटरच्या तोंडाशी सतत बुडबुडे येत असले, तर हेड गॅस्केट. झाकण गरम असताना उघडू नका, हे तुम्हाला सांगायला नको.

वायरिंगचं. पूर्ण किट बदलणं म्हणजे दोन-तीन दिवस गाडी उभी आणि नव्या चार चुका. तुमच्या वायरमनला फक्त तीन गोष्टी करायला सांगा: फ्यूज बॉक्सचे चिमटे साफ, किल्लीच्या स्विचचा जोड तपासून तापून काळा पडला असेल तर नवा, आणि हेडलाइटला रिले (थोड्या करंटवर मोठा करंट जोडणारा स्विच). फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली गाडी मी जळताना पाहिली आहे, सुपारीच्या पोत्यांसकट. तुमच्या बॉक्समध्ये असं काही सापडलं तर ते कुणी आणि का लावलं ते आधी शोधा, कारण तो फ्यूज उगाच जात नव्हता.

एक शंका राहते, उभ्या गाडीत बॅटरी उतरण्याची. निगेटिव्ह केबल सोडून मध्ये मीटर 10 अँपिअरच्या खोबणीत लावा, सगळं बंद, दारं बंद. या स्थितीत किल्ली मात्र चुकूनही फिरवू नका, मीटरचा फ्यूज उडेल. तुमच्या गाडीत कॉम्प्युटर नाही, त्यामुळे म्युझिक सिस्टीम आणि ट्रॅकर धरून 50 मिलीअँपिअरच्या वर काही जाऊ नये. अर्धा अँपिअर दिसला तर दिवसाला 12 अँपिअर-तास गेले. शनिवारी संध्याकाळी लावलेली गाडी सोमवारी पहाटे का रुसते ते यात कळेल. एकेक फ्यूज काढत जा, ज्याने आकडा पडेल त्या वाटेला चोर. सगळे फ्यूज काढूनही आकडा तसाच राहिला, तर निगेटिव्ह पूर्ण सोडून अल्टरनेटरची जाड वायर काढा, टोकाला टेप गुंडाळा, पुन्हा मोजा. आता शून्याजवळ आला तर अल्टरनेटरमधला डायोड उलटा पाझरतोय. इंजिन चालवून, मीटर एसीवर ठेवून बॅटरीवर अर्ध्या व्होल्टच्या वर दिसलं तरी तेच.

मी असतो तर पहिल्या दिवशी अर्थची केबल आणि व्हॅक्यूमची परतीची नळी-ब्रीदर, आणि ब्रेकचं पेडल मनासारखं लागेपर्यंत गाडी दारात. मग चार दिवस माल वाहायचा, काही दुसरं बदलायचं नाही. त्यानंतर डिझेलची हवा. धूर शेवटी. 8 वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेसला उभं राहावं लागतंच, तुमची तारीख जवळ असेल तर ब्रेक आणि धूर दोन्ही त्याआधी उरकतील असं बघा.

पुढचं विचारताना चार आकडे सोबत लिहा: सकाळी किल्ली लावण्याआधीचे बॅटरीचे व्होल्ट, सेल्फ मारताना इंजिन ब्लॉक ते निगेटिव्ह, इंजिन चालू आणि हेडलाइट लावलेली असताना बॅटरीवरचे व्होल्ट, आणि त्याच वेळी अल्टरनेटरच्या जाड बोल्टापासून त्याच्याच बॉडीपर्यंतचे. शेवटच्या दोन आकड्यांत किती फरक आहे, ते मला सगळ्यात आधी बघायचंय.